पाराखालचं पान

आप्पांनी माझा कीबोर्ड धुतला तेव्हा मी दारात उभा होतो. भर दुपार. त्यांच्या सायबर कॅफेत गिऱ्हाईक बसलेलं. आप्पांनी आधी तुळशीच्या पानानं गोमूत्र शिंपडलं. मग तेवढ्यानं समाधान होईना म्हणून अख्खा तांब्याच उपडा केला. बटणांच्या फटींतून पिवळं पाणी टेबलावर गळायला लागलं. मशीन चालूच होतं. ते पीं-पीं करून बोंबलायला लागलं आणि पडद्यावर एकच अक्षर पळत सुटलं. ओळीमागून ओळ. थांबेचना.

शुद्धीकरणं मी लई ऐकलेली. विहिरीचं ऐकलेलं, देवळाचं ऐकलेलं. कीबोर्डचं मात्र सगळ्या जगात पहिलं आमच्या परळीतच झालं असणार. वायर काढा, एवढंच म्हणायचं होतं मला. 

माझ्याकडं न बघता आप्पा म्हणाले, "वरीसभर बसलास हितं. कामून बोलला न्हाईस?"

मला कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर बरोबर होतं, पण घशात असं रुतून बसलं की आजही ठसका लागला की वर येतं. शेजारच्या मशीनवरचं एक गिऱ्हाईक उठलं. त्याचा माझ्या कीबोर्डशी काही संबंध नव्हता. तरी त्यानं दोन्ही हात पँटीला पुसले.

मला गोष्ट फुगवून सांगायची खोड आहे. आमच्या वस्तीत कुणाला विचारा. पण इथं फुगवायला जागाच नाही. जे घडलं तेच मापाबाहेरचं होतं.

तेव्हा देशाची दारं उघडून दहा-बारा वर्षं झाली होती म्हणतात. आमच्याकडं त्या दारातून आधी पीसीओ आला, मग केबल, आणि शेवटी आप्पांच्या आडत दुकानावरच्या माडीत सायबर कॅफे. खाली तुरीची पोती, वर कॉम्प्युटर. थर्मलची राख अशी पडायची की सकाळी धुतलेला पांढरा बैल दुपारी त्याच्या मालकाला ओळखू यायचा नाही. अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणारं गाव, आणि आमचा मोडेम निम्मा दिवस अंधारात. लाईट असली की तो मोडेम असा किंचाळायचा की खालचे हमाल वर बघायचे, कुणाला कापायलेत म्हणून.

मी औरंगाबादच्या हॉस्टेलात राहून कॉम्प्युटर शिकून आलो आणि आप्पांच्या कॅफेत कामाला लागलो. माझं आडनाव बीड जिल्ह्यात दोन्हीकडं सापडतं, पारावर बसणाऱ्यांत आणि पाराखाली उभं राहणाऱ्यांतही. पहिल्या दिवशी आप्पांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. आम्ही परळीला यायच्या आधीचं, पाटोद्याकडचं मूळ गाव सांगितलं. पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. कुठल्याशा पाटलाच्या भावकीतला केला मला आणि दुसऱ्या मिनिटाला भुईमुगाच्या भावावर गेले.

त्या मिनिटापासून मी भ्यायला लागलो. साधं भिणं नव्हतं ते. आप्पा जिना चढायला लागले की माझं पोट इतकं आत जायचं की पाठीकडून चाचपता आलं असतं. कुणी पाटोद्याचं गिऱ्हाईक आलं की मला हमखास संडासला लागायची. एप्रिलात आमच्या वस्तीची निळी मिरवणूक दुकानावरून गेली. ढोल वाजत होता, माझेच चुलतभाऊ नाचत होते. मी टेबलाखाली शिरून वायर शोधत बसलो. ती वायर अजून सापडलेली नाही.

पण काम मात्र असं केलं की काय सांगू.

आप्पांचे जावई अमेरिकेत होते. जावईबापू म्हणत सगळे. त्यांची कल्पना अशी की गावाबाहेर पांगलेल्या लोकांना बोलायला इंटरनेटवर एक फोरम काढायचा. पुण्याच्यानं लिहावं, दुबईच्यानं उत्तर द्यावं, परळीतल्यानं भर घालावी. नाव ठेवलं 'पार'. ते बांधायचं काम माझ्याकडं आलं.

तेव्हाचे असले प्रोग्रॅम म्हणजे सगळा काला. पानाचा रंग, अक्षरं आणि आतली अक्कल एकाच फाईलीत कालवलेली. शीर्षकाचा रंग बदलायला गेलं की लॉगिन बंद पडायचं. माझे वडील, दादा, राखेच्या विटांच्या कारखान्यावर होते. मी लहानपणापासून साचे बघितलेले. साच्याला काय माहीत आत राख आहे का माती. तसं मी पानाचं टेम्प्लेट वेगळं काढलं. दिसणं एकीकडं, अक्कल एकीकडं. दिवाळीला एक साचा लावा, जत्रेला दुसरा. आतल्या मजकुराला धक्का नाही.

आणि प्लगइन, म्हणजे मागून जोडायचे जादा तुकडे. उसाचा ट्रॅक्टर बघितलाय ना? मागं हुक असतो. ट्रॉली लावा, पाण्याचा टँकर लावा, मळणीयंत्र लावा. ट्रॅक्टर उघडावा लागत नाही. मी प्रोग्रॅममध्ये जागोजागी तसे हुक ठेवले. माणूस नाव नोंदवतो तिथं एक, मजकूर चढायच्या आधी एक, पान दिसायच्या आधी एक. इतके हुक, की अख्ख्या साखर कारखान्याच्या ट्रॉल्या लागल्या असत्या. उद्या कुणाला काय जोडायचंय ते आज मला माहीत असायची गरज नाही, याचाच मला माज होता.

जावईबापू सुट्टीला आले. पाहिलं. खूश झाले. म्हणाले, अमेरिकेत पण असं कुणी नीट करत नाही. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मी जिना न उतरता वरच्यावर तरंगत खाली आलो, हे खोटं वाटलं तर तुरीच्या पोत्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी प्लगइन सांगितलं.

पारावर शिवीगाळ, भांडणं नकोत म्हणून नवीन माणूस नाव नोंदवेल तेव्हा त्याला गाव आणि घराणं विचारायचं. आतल्या दोघांनी त्याची ओळख द्यायची. दिली तर तो पारावर. नाही दिली तर त्याला हाकलायचं नाही, बोभाटा होतो. त्याला दुसरं टेम्प्लेट द्यायचं. त्यानं सगळं वाचावं. लिहायची चौकट त्याच्या पानावर असणार नाही. चौकट असते हेच त्याला कळणार नाही.

"तुझ्या हुकवर बसेल ना हे?" त्यांनी विचारलं.

बसणार होतं. अलगद बसणार होतं. हुकला काय माहीत मागं काय जोडलंय.

आप्पा कौतुकानं म्हणाले, "गावात कसं, ज्याची त्याची जागा असती. तसंच पायजे."

आमच्या मूळ गावात पार आहे. चिंचेखाली, दगडी. माझा आजा त्यावर कधी बसला नाही. खाली उभा राहायचा. सगळं ऐकायचा. बोलायचा तर कुणी विचारलं तरच, आणि कुणी विचारायचं नाही. ते मला तिथं, माऊसवर हात असताना, आठवलं.  मी "हो" म्हणालो. भ्यालेला माणूस फार लवकर हो म्हणतो.

प्लगइन लिहून झालं की तपासायला एक नाव लागणार होतं. आप्पा म्हणाले, ह्याचंच टाका, आपलाच पोरगा हाय. आणि ओळख द्यायला म्हणून त्यांनी हौसेनं फोन उचलला. पाटोद्याला त्यांचे व्याही होते, त्यांना लावला. तुमच्याकडचा हिरा आमच्याकडं हाय म्हणाले. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मग ऐकत राहिले.

माणसाचा चेहरा उतरताना मी पुष्कळदा पाहिलाय. आप्पांचा उतरला नाही. बंद झाला. शटर ओढल्यासारखा. फोन ठेवून ते खाली गेले, ते तांब्या घेऊनच वर आले.

पुढचं सांगितलंच आहे.

मला वाटलं, संपलं. घरी दादांना सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले. पण विटांचा कारखाना आप्पांच्या चुलतभावाचा; तिथला मजूर कुणाचा बाप हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. चारच दिवसांत कारखान्यावरच्या मुकादमानं निरोप आणला. काम अर्धवट पडलंय, पोरानं येऊन पुरं करावं. त्या प्रोग्रॅमचं शेपूट कुठं आणि तोंड कुठं हे माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. अट एवढीच की मागच्या लोखंडी जिन्यानं यायचं, बारदान्याच्या खोलीत बसायचं. आणि येताना आपला कीबोर्ड आपण आणायचा.

चहाचा वेगळा कप पाहिला होता. वेगळी बशी पाहिली होती. हे नवीन होतं. एकविसावं शतक ते हेच असावं.

मी नाही म्हणायच्या आधीच दादा म्हणाले, "जा बाबा. मला ह्या वयात दुसरीकडं कोण घेतंय?"

गेलो. हॉस्टेलच्या भंगारातून आणलेला एक कीबोर्ड होता माझ्याकडं, मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून काखेत. परळीच्या रस्त्यानं लोक डबा नेतात, पिशवी नेतात. मी कीबोर्ड नेत होतो आणि संध्याकाळी परत आणत होतो. लोक विचारायचे, हे काय. मी म्हणायचो, पेटी आहे, भजनाला चाललोय.

खोलीत रिकामी पोती, उंदीर आणि मी. टेबल नव्हतं. मशीन पोत्यांच्या थप्पीवर, कीबोर्ड मांडीवर. मी ते प्लगइन लिहिलं. हो, मीच लिहिलं. दादांचा चेहरा समोर ठेवून एकेक ओळ. दुसरं टेम्प्लेटही मीच आखलं, आणि हात सवयीचा म्हणून देखणं आखलं.

पुरं झालं त्या दिवशी जावईबापू बघायला आले. आत आले नाहीत, दारात थांबले. मागं आप्पा. तपासायला नाव कुणाचं टाकायचं असं मी विचारलं. जावईबापू हसून म्हणाले, "तुझंच टाक. त्या बाजूचं पान कसं दिसतं, ते तुझ्याइतकं कोण सांगणार?"

आप्पापण हसले. थोडंच.

मी नाव टाकलं. पान उघडलं.

सगळं दिसत होतं. पुण्याचं कुणी जत्रेबद्दल लिहिलेलं. दुबईचं कुणी राखेबद्दल. एकानं आमच्याच गावाबद्दल काहीतरी लिहिलेलं, तेही चुकीचं. आमच्या वस्तीला पाणी कुठून येतं हे त्याला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. हात उत्तर द्यायला उचलला गेला. खाली चौकट नव्हती. नुसती पांढरी जागा. स्वच्छ, सरळ, समास सोडलेली. डाव्या कोपऱ्यात करड्या अक्षरांत माझं नाव, आणि मी उभा. ऐकत.

आज्याला ती जागा दुसऱ्यांनी दिली होती. माझी मी स्वतः आखली होती. माझ्या कीबोर्डनं.

"क्लीन दिसतंय," जावईबापू म्हणाले.

तेव्हा माझ्या अंगात वीज संचारली वगैरे काही नाही. उलट मी असा थरथरायला लागलो की मांडीवरचा कीबोर्ड खडखडायला लागला आणि उंदीर पळाले.  त्याच थरथरत्या बोटांनी मी प्लगइन पुसलं. टेम्प्लेट पुसलं. दुसरी प्रत फ्लॉपीवर होती. ती काढली, पत्र्याची पट्टी सरकवली आणि आतली काळी तबकडी नखानं ओढून फाडली.

म्हणालो, "हे माझ्या हातानं व्हनार न्हाई."

आवाज बारीक आला. उंदराचा आला म्हणा. पण आला.

आप्पा म्हणाले, "बापाचा इचार कर."

"त्येंचाच करायलोय."

कीबोर्ड फडक्यात गुंडाळायचंही सुचलं नाही. तसाच उघडा काखेत मारून पुढच्या जिन्यानं उतरलो, गिऱ्हाइकांमधून, हमालांमधून. हिंमत म्हणून नाही. घाबरलेल्या माणसाला मागचा जिना सापडलाच नाही.

दादांना दुसऱ्या दिवशी विटांवरून काढलं. ते माझ्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत, आणि पुढं बोलायला लागले तेव्हाही ह्या विषयावर कधीच नाही. त्यांना माझा अभिमान वाटला असं लिहायला मला आवडलं असतं. खोटं होईल. ते आष्टीकडं मजुरीला गेले. माझ्यामुळं गेले. हे मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

मी गाव सोडलं. फोरमच बांधत राहिलो, दुसरं काही येतही नव्हतं. आज माझा प्रोग्रॅम कुणीही घ्यावा, हवा तसा नटवावा. टेम्प्लेट बदला, रंग बदला, हवं ते प्लगइन जोडा. हुक अजूनही ढीगभर आहेत. पण लिहायची चौकट टेम्प्लेटमध्ये नाही. ती मी गाभ्यात ठेवली आहे. कुणी शिवीगाळ केली तर त्याला बाहेर काढायची सोय आहे, पण त्यानं लिहिल्यावर. लिहायच्या आधी नाही. आणि त्याच गाभ्यात एक ओळ अशी आहे की पानावर नाव असलेल्या एकाही माणसाची चौकट कुणी झाकली, तर सगळ्यांचंच पान बंद पडतं. चालवणाऱ्याचंही. मालकाचंही.

लोक तक्रार करतात. मोठमोठ्या संस्थांची माणसं फोन करतात, गोड बोलतात, आमच्यापुरती ती एक ओळ काढून द्या म्हणतात. कारणं चांगली असतात. जावईबापूंचंही कारण चांगलंच होतं. मी नाही म्हणतो. म्हणताना पाय अजून तसेच कापतात.

कापू देत. ती ओळ निघणार नाही.