किल्ल्यांची जागा

नेदरलँड्समध्ये घरात पिस्तूल ठेवायचं तर आधी भिंत दाखवावी लागते. न्यूनेन गावातल्या त्या घरात वरच्या मजल्यावर, इस्त्रीच्या टेबलामागे विटांची पक्की भिंत होती. तिच्यात बोल्ट ठोकून राजानंदने तिजोरी बसवली. आत पिस्तूल, आणि काडतुसांची पेटी वेगळ्या कुलपात. कायदा असा, की किल्ल्या फक्त परवाना असलेल्या माणसाकडे हव्यात. त्या कुठे आहेत हे बायकोलाही ठाऊक असता कामा नये.

हर्षाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. राजानंदनेच सांगितलं होतं. "बुद्धांच्या फोटोमागे ठेवतोय," तो म्हणाला होता. "मला काही झालं तर कुणाला तरी माहीत पाहिजे ना." खडकीच्या घरी त्याची आई शांता सगळं महत्त्वाचं त्याच फोटोमागे ठेवायची. रेशनकार्ड, कपाटाच्या किल्ल्या, पोराची मार्कशीट. नवऱ्याने एक गोष्ट ठेवावी आणि तिची जागा बायकोला सांगू नये, हे दोघांनाही वेडेपणाचंच वाटलं होतं.

पण बंदुकीची किल्ली आणि बुद्ध! हर्षा तेव्हा हसली होती. "पहिलं शील मोडलंस की."

"कागदावर भोकं पाडतो मी. कागदाला जीव नसतो."

राजानंदचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आयुष्यभर काडतुसं तपासली, एकही झाडलं नाही. मुलगा इंजिनियर झाला, नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावी एका कंपनीत लागला, आणि चाळिशीत नेमबाजीच्या क्लबात गेला. तिथे वर्षभर उमेदवारी केली, पोलिसांची प्रश्नावली भरली, मग परवाना मिळाला. दर गुरुवारी संध्याकाळी कानांवर जाड आवरण चढवून तो पंचवीस मीटरवरच्या काळ्या वर्तुळाकडे बघत राही. परत आला की चेहरा धुतल्यासारखा दिसे. हर्षाला ते गुरुवार आवडायचे.

गेल्या उन्हाळ्यात शांता गेली. राजानंद पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परतल्यावर कंपनीने त्याची टीम दुसऱ्याला दिली. त्याला एक खुर्ची, एक स्क्रीन आणि भरपूर वेळ दिला. तो क्लबात जायचा थांबला. पिस्तूल मात्र जास्तच साफ करू लागला. अडगळीच्या खोलीत जमिनीवर बसायचा, मांडीवर जुना टॉवेल, दार लोटलेलं. बाहेर पॅसेजमध्ये हर्षाला तेलाचा वास यायचा.

मग तो तिला घर शिकवू लागला. टॅक्सच्या वेबसाइटवर कसं जायचं. नगरपालिकेला कुठल्या नंबरवर फोन करायचा. एका रविवारी त्याने तिला बॉयलरपाशी नेलं. "प्रेशर कमी झालं की हा व्हॉल्व्ह हळूच फिरवायचा. तूच करून बघ."

"तू आहेस ना करायला."

"बघ तर खरं."

तिने व्हॉल्व्ह फिरवला. पाणी वाहू लागल्याचा आवाज आला आणि तिला कळलं, तो स्वतः नसतानाची तयारी करून घेतोय.

ती हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिने वेळ दिली, पण म्हणाली, त्यांना स्वतः यावं लागेल. राजानंद गेला नाही. "डॉक्टरने एक ओळ लिहिली तर परवाना जाईल. आणि विहारात येणारी मंडळी काय म्हणतील? कोपऱ्यात जाऊन कुजबुजतील."

मुलगी डीमन नावाच्या दुसऱ्या गावात राहायची. समता. फोनवर हर्षा मराठीत बोलायची आणि समता इंग्रजीत उत्तर द्यायची.

"मम्मी, जस्ट कॉल द पोलीस. इट्स देअर जॉब."

"स्वतःच्या नवऱ्यावर पोलीस घालू?"

"नॉट ऑन हिम. फॉर हिम."

"तुला नाही कळायचं ते." हर्षाच्या लहानपणी वस्तीत जीप शिरली की बाया पोरांना आत ओढायच्या. तिचा भाऊ एकदा त्या जीपमधून गेला आणि पाय ओढत परत आला. तेव्हापासून पोलिसांना हाक मारायची असते, हे तिच्या अंगात उरलंच नव्हतं. तिने फोन ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. किल्ल्या लपवाव्यात असंही तिच्या मनात आलं. पण मग तो काय शोधेल, कुठे जाईल, हे तिला दिसेना.

पोलीस आपण होऊनच आला. शस्त्रपरवाने बघणारा योस दर वर्षी न सांगता तपासणीला यायचा. उंच, पिकलेल्या मिशांचा, बूट दारात काढणारा. हर्षाने चहा आणि शंकरपाळे ठेवले.

"बंदूक तपासायला जाऊन वजन वाढतं असा हा एकच पत्ता आहे," योस म्हणाला. "काय राजा, नेम कसा आहे? क्लबात दिसत नाहीस म्हणतात."

"काम फार आहे."

"बरं. तिजोरी बघू या?"

दर वर्षी राजानंद आधी हर्षाला काहीतरी आणायला स्वयंपाकघरात धाडायचा आणि मग किल्ल्या खिशातून काढल्यासारखं करायचा. या वेळी त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. उठायलाही त्याला वेळ लागला. तो पुरता उठण्याआधीच हर्षा फोटोपाशी गेली, मागे हात घातला आणि दोऱ्यातल्या दोन किल्ल्या योसच्या कपाजवळ ठेवल्या.

योसने शंकरपाळा परत बशीत ठेवला.

"मॅडम," तो सावकाश म्हणाला, "साफसफाई करताना आज सहज सापडल्या असतील. हो ना?"

त्याने सुटायला एक दार किलकिलं करून ठेवलं आहे, हे हर्षाला समजलं. राजानंद तिच्याकडे बघत होता. मान अगदी थोडी हलवत होता. हो म्हण.

"नाही," ती डचमध्ये म्हणाली. "किल्ल्या कुठे असतात हे मला नेहमीच माहीत असतं. माझा नवरा बरा नाही. तुम्ही ते घेऊन जा."

योसने पिस्तूल नेलं, काडतुसं नेली. जाताना दारात बुटांच्या नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला.

परवाना रद्द झाल्याचं कळलं, तोवर राजानंद तिच्याशी कामापुरतंही बोलेनासा झाला होता. जेवण झालं की ताट धुऊन ठेवायचा आणि वर जायचा. हर्षा जिन्याखाली उभी राहून पावलं ऐकायची. भाजीची सुरी ती आता पिठाच्या डब्यात ठेवत होती. तिला कळत होतं, की एक तिजोरी रिकामी झाल्याने काही संपत नाही.

एका संध्याकाळी तो स्वतःहून खाली आला. टेबलावर त्याने टाइप केलेला कागद ठेवला. निर्णयावर हरकत घ्यायची मुदत अजून होती.

"सही कर. तुला डच नीट येत नाही. त्याचा प्रश्न कळला नाही, भलतंच बोलून गेलीस. एवढंच लिहिलंय."

"मला कळला होता."

"हर्षा, तुझं डच दुकानापुरतं आहे. कुणीही मानेल."

"ती तीन वाक्यं मला येतात, राजा. लायब्ररीत भाषा शिकवायला बाई येतात ना, त्यांच्याकडून घेतली. रोज भांडी घासताना म्हणत होते. तो कधी येईल ते माहीत नव्हतं, म्हणून रोज."

राजानंदने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याची दाढी वाढली होती, सदऱ्याचं एक बटण चुकलं होतं.

"कधीपासून?"

"तू व्हॉल्व्ह फिरवायला लावलास तेव्हापासून."

वर बॉयलर चालू झाला. पाइपमधून गरम पाणी फिरल्याचा आवाज भिंतीभिंतीतून गेला. राजानंदने पेन उघडलं, बंद केलं.

"अजूनही तसंच वाटतं," तो म्हणाला. आवाज इतका साधा होता, जणू पाऊस आहे का बाहेर, असं विचारत होता.

हर्षाने खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर सही करत नाही."