सरांची मोजणी

आमच्या बास्केटबॉलच्या सरांची एक खोड होती. फ्री थ्रोच्या सरावाला ते आमच्या पाठीमागे उभे राहायचे आणि झालेल्या बास्केट मोजायचे. एक हुकली की पुन्हा पहिल्यापासून. सलग पन्नास झाल्याशिवाय सुटका नाही, आणि मागे वळून बघायचं नाही. "माझ्या तोंडावर रिंग टांगलीय का?" असं विचारायचे. कुणाचं दुखतंय-खुपतंय असं दिसलं, तर मात्र "बस. घरी जा," म्हणायचे. मला कधी म्हणाले नाहीत, कारण मी कधी दिसूच दिलं नाही. फार शहाणी ना मी!

सर गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी कचेरीत चिकटले होते. बरोबरीच्या मुली खेळ सोडून खराडीच्या काचेच्या इमारतींत आयटीच्या नोकरीला गेल्या. मला मात्र राज्याच्या संघातच खेळायचं होतं. निवड महिन्यावर आलेली, आणि जिना उतरताना डावा गुडघा कळ मारायचा. हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

स्वारगेटजवळच्या मैदानावर सकाळी एकटीच जायचे. सरांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली बास्केट झाली आणि मागून आवाज आला, "एक."

अंगावर सर्रकन काटा आला. पण वळले नाही, सवयच तशी. "दोन. तीन." तंबाखूने बसलेला तोच घसा. खोटं कशाला सांगू, घाबरले होते, आणि बरंही वाटत होतं. मग रोजच यायचा तो आवाज.

निवडीच्या सकाळी सत्तेचाळीस झाले. पुढचा बॉल जाळीतून खाली आला, पण आकडा आला नाही.

"बस. घरी जा."

मी भडकलेच. जन्मभर म्हणाला नाहीत, आत्ताच बरं सुचलं! उरलेले आकडे मीच मोठ्याने मोजले आणि निवडीला गेले. तिथे दुसऱ्याच उडीत गुडघा फिरला. त्यानंतर मी कधी खेळले नाही.

आता त्याच मैदानावर मुलींना शिकवते. मागे उभी राहून मोजते. परवा माझ्या सगळ्यात चांगल्या मुलीची छत्तिसावी बास्केट झाली. मी आकडा म्हणायच्या आतच ती थांबली. बॉल काखेत धरून, समोरच बघत म्हणाली, "मॅडम, बस म्हणालात?"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. माझ्या मागे बघायचा धीर मला झाला नाही.

"हो, मीच म्हणाले," मी सांगितलं. "कुठला गुडघा दुखतोय?"

"डावा," ती म्हणाली आणि रडायला लागली.