आधी सावली

जैसलमेरच्या त्या गल्लीत सूर्य नुसता आग ओकत होता. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची माझी मुलं एका जुन्या हवेलीसमोर बसून तिचं चित्र काढत होती. त्यांतली मुक्ता मात्र कोरा कागद मांडीवर घेऊन नुसती बघत बसलेली.

"अगं, काढ ना! ऊन सरकतंय," मी जरा चिडूनच म्हटलं.

"सर, आधी भिंतीला हात लावून बघा."

लावला. एवढ्या उन्हात दगड गार! वर पाहिलं. प्रत्येक सज्ज्यानं खालच्या नक्षीवर सावली धरली होती आणि नक्षीतल्या प्रत्येक फुलानं शेजारच्या फुलावर. वर्गात आम्ही आधी इमारत काढतो. सावल्या अगदी शेवटी टाकतो, चित्र उठून दिसावं म्हणून. इथं कुणीतरी आधी सावली मनात धरली होती आणि ती पडावी म्हणून मग दगड कोरला होता.

संध्याकाळी मुक्तानं कागद पुढे केला. त्यावर ना भिंत होती, ना खिडकी, ना एखादी रेघ. पेन्सिलीनं भरलेल्या नुसत्या सावल्या होत्या.

आणि हवेली अख्खी उभी होती.