छत शिवायला आलेली गाडी

ताडपत्री शिवणाऱ्या त्या बाईंना सगळा रस्ता मावशी म्हणायचा. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले ट्रकवालेसुद्धा. दुकानांपुढची कापडी छपरं, ट्रकवरची आच्छादनं, मोटारींच्या खोळी, जे जे जाड आणि शिवायला अवघड, ते त्यांच्या शेडमध्ये यायचं. जाड सुईचं मशीन त्या पायाने असं चालवायच्या की बघणाऱ्याचे पाय दुखावेत. मालही त्या स्वतःच टेंपोतून पोचवायच्या. जिभेला धार होती, पण मन लोण्याचं.

त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या इमारतीत तो एकटाच तपासणीला गेला, दोन मजल्यांच्या मध्ये असताना वीज गेली, आतली घंटा वाजेना आणि फोन राहिला बाहेर हत्यारांच्या पेटीत. एकोणीस तास तो त्या पेटाऱ्यात होता. बाहेर काढलं तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत आला, पाणी प्यायला, रखवालदाराला उगाच त्रास दिला म्हणून त्याची माफीही मागितली. सगळ्यांना वाटलं, जिवावरचं बोटावर निभावलं.

पण त्या दिवसापासून त्याला बंद दार सोसेना. न्हाणीघराचं दारही उघडं ठेवून, मध्ये स्टूल अडकवून तो आंघोळ करायचा. बसमध्ये चढला तर पुढच्या थांब्याआधीच घामाघूम होऊन उतरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपचाराने बरं वाटेल, पण घाई करायची नाही. मग तो शेडच्या उघड्या तोंडाशी बसून ताडपत्रीला पितळी कड्या ठोकू लागला. लिफ्टवाल्यालाच लिफ्ट बाधली, असं स्वतःच म्हणायचा आणि हसायचा. मावशी मात्र त्या विनोदाला कधी हसल्या नाहीत.

अशात त्यांच्या लेकीला मुलगी झाली. लेक राहायची दीडशे किलोमीटरवर. बाळ नाजूक, प्रवास नको म्हणून सांगितलेलं. मावशी बसने जाऊन नात पाहून आल्या. परत आल्यावर नवरा विचारायचा, केस कसे आहेत, हसते का, आणि त्या सांगता सांगता मशीनकडे वळायच्या. एकदा त्याला टेंपोच्या मागच्या हौद्यात ताडपत्र्यांवर बसवून न्यायचा घाट घातला. अर्ध्या तासात पोलिसाने अडवलं. माणसं माल म्हणून न्यायची नसतात, असं त्याने ऐकवलं, आणि ते खोटं नव्हतं. नात सात महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं.

तेव्हा मास्तर आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, उंच, काटकुळे, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांची हिरवी गाडी शेडपुढे थांबली तेव्हा मावशींना वाटलं, एवढ्या उंच माणसाने हे खेळणं अंगात घातलंय की काय. दोनच सीटं, दोनच दारं, आणि छत कापडाचं. ते कापड घडीवर विरून फाटलं होतं.

मास्तरांना गाडीबद्दल विचारायची खोटी. उघड्या छताच्या गाड्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं लोकांना वाटतं, ते म्हणाले, पण ही साध्या पगारदाराला झेपणारी. आपण हिला जुन्या बाजारातच घेतली. इंजिन सोळाशे सीसीचं, चार सिलिंडरचं, कुठल्याही गावचा मेकॅनिक उघडू शकेल असं. वजन साडेनऊशे किलो, म्हणून तेवढ्या इंजिनातही ती टुणकन पळते. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि वजन पुढेमागे जवळजवळ सारखं वाटलेलं, त्यामुळे वळणावर अंग टाकत नाही. डिकीत दोन पिशव्या आणि एक छत्री. छताला मोटर-बिटर काही नाही. पुढच्या काचेच्या वर दोन खटके, ते सोडले की बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकलायचं.

मावशींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. जुनं छत काढून त्याचे तुकडे नमुन्याला घ्यावे लागतील, आणि सीटमागच्या पाणी वाहून जायच्या नळ्या कचऱ्याने तुंबल्यात, त्याही साफ करायला हव्यात, असं त्यांनी सांगितलं. आजवर हे कुणालाच दिसलं नव्हतं. मास्तरांनी गाडी तिथेच ठेवली.

चार दिवस ती बोडकी गाडी शेडच्या तोंडाशी उभी होती. पाचव्या दिवशी मास्तर काम बघायला आले आणि कड्या ठोकणाऱ्या नवऱ्याशी गप्पा मारू लागले. बोलता बोलता इंजिनाचा विषय निघाला. एक बारीक टकटक येते, ती नेमकी कुठून हे मास्तरांना कळत नव्हतं. नवऱ्याने हातोडी खाली ठेवली. यंत्राचा आवाज म्हटल्यावर त्याला राहवेना. तो सरळ जाऊन चालकाच्या सीटवर बसला, किल्ली फिरवली आणि डोकं तिरकं करून ऐकू लागला.

मावशींच्या पायाखालचं मशीन थांबलं. दोन वर्षांत हा माणूस कुठल्याही मोटारीत बसला नव्हता. आणि आता बसला होता, दार लावून, आणि त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याच्या डोक्यावर आभाळ होतं ना.

मास्तरांना सगळी हकिगत मावशींनी नंतर, मशीनवरची मान वर न करता सांगितली.  मास्तर म्हणाले, "छत शिवून झालं की माझ्याकडे गाडी आणू नका. आधी नातीकडे न्या."

"अहो, पण तुम्ही?"

"मी कुठे बसू? तिसरी जागाच नाही. तुम्ही टेंपो चालवता, ही तर त्याच्यापुढे मांजर आहे."

मावशींनी ते छत असं शिवलं, जसं त्यांनी आजवर काहीच शिवलं नव्हतं. तीन पदरी कापड, प्रत्येक शिवण दुहेरी, मागची पारदर्शक खिडकी जुनीपेक्षा चार बोटं मोठी. छत मागे घडी करूनच मावशी आणि नवरा निघाले. मास्तरांनी जाताना एकच सूचना दिली: भुरभुर आली तर घाबरून थांबायचं नाही. वेग सत्तरच्या वर असला की पुढच्या काचेवरचा वारा पाणी डोक्यावरून मागे नेतो.

आणि भुरभुर आलीच. मावशींनी पाय दाबला. खरोखर थेंब डोक्यावरून जात होते, दोघं कोरडे, आणि नवरा पोरासारखा हात वर करून बोटांवर पाणी झेलत होता. पण पुढे रेल्वेचं फाटक बंद. गाडी थांबली आणि पाणी थेट अंगावर. मावशींनी छताकडे बघितलंसुद्धा नाही. केस गळत होते, बांगड्यांवरून पाणी ओघळत होतं, त्या नाकासमोर बघत बसल्या.

"तू भिजतेयस," नवरा म्हणाला.

"मी काय मिठाची आहे? वितळत नाही."

त्याने मागे हात घातला आणि छत पुढे ओढलं. मावशींच्या बाजूचा खटका लावला. आपल्या बाजूचा लावला नाही. त्या खटक्याची मूठ हातात घट्ट धरून बसला. त्याचा श्वास जोरात चालला होता. मावशींनी त्याला धीर दिला नाही, हात धरला नाही. फक्त शिवणींबद्दल बोलत राहिल्या, कुठे दोरा तुटला, कुठे कापड उलटं लागलं, कुठली सुई मोडली. अकरा मिनिटांनी फाटक उघडलं. तोवर भुरभुरही थांबली होती. त्याने छत मागे ढकललं आणि मोठ्याने हसला. रुमालाने आधी तिचा चेहरा पुसला, मग आपला.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तो जिने चढून गेला, दाराशीच सतरंजीवर बसला. लेकीने बाळ मांडीवर दिलं. बाळाने आजोबांच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं आणि तिथेच झोपी गेलं. दोन तास तो हलला नाही. पाय बधिर झाले तरी कुणाला घेऊ दिलं नाही. लेक आत जाऊन डोळे पुसून आली, आणि कांदा चिरत होते म्हणाली. घरात त्या दिवशी कांदा नव्हता, हे मावशींना माहीत होतं.

मावशी गाडी परत द्यायला गेल्या.  किल्ली पुढे करत म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही."

मास्तर म्हणाले, "आमची बायको गेल्यापासून बाजूच्या सीटवर मी भाजीची पिशवी ठेवायचो. रिकामी बघवत नव्हती म्हणून. तिथे माणूस बसलं. मीच आभारी आहे."

पुढे डॉक्टरीणबाईंनीच मास्तरांची गाडी उपचारात घेतली. आधी एक खटका लावून पाच मिनिटं, मग दोन्ही लावून, मग काचा वर करून. घाई कुणीच केली नाही. वर्षाने तो बसमध्ये दाराजवळच्या सीटवर बसून लेकीकडे एकटा जाऊन आला. लिफ्टमध्ये मात्र तो आजही पाऊल ठेवत नाही. मावशी म्हणतात, नको ठेवू, जिने चढून तब्येत चांगली राहते.

मास्तरांची नजर आता मंदावली आहे. दर गुरुवारी मावशींचा नवराच त्यांना गाडीतून डोळ्यांच्या दवाखान्यात नेतो. गेल्या रविवारी क्लच घसरतो म्हणून दोघं सकाळपासून शेडपुढे गाडीखाली होते. बाहेर दिसत होते फक्त चार पाय, त्यातले दोन फार लांब. मावशींनी चहा नेऊन ठेवला, तो निवला. परत गरम करून आणला, तोही निवला. तिसऱ्यांदा त्या तीन कप चहा घेऊन आल्या, गाडीशेजारी पायरीवर बसल्या, आणि दोघांची गाडीखालून चाललेली हुज्जत ऐकत तिन्ही कप स्वतःच सावकाश पिऊन टाकले.