डोक्याची गोळी, भर अंगणात

लागोपाठ दोन वर्षं कपाशी बुडाली आणि आईनं अंथरूण धरलं. शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून ती दवाखान्यानं दिलेल्या उदासीच्या आजाराच्या गोळ्या लपवायची, खायचीच नाही. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, पण माझं समजावणं वाया जायचं.

मग दवाखान्यानं पाठवलेल्या एक बाई दर गुरुवारी अकोल्याहून एसटीनं यायला लागल्या. त्या स्वतः याच आजारातून उठलेल्या, आणि आता आजाऱ्यांना सोबत करणं हीच त्यांची नोकरी. अंगणात बाजेवर ऐसपैस बसायच्या, गोड चहा मागायच्या. त्यांच्या मोठ्या आवाजाची मला धास्तीच वाटायची.

एकदा त्यांनी कुंपणापलीकडच्या काकूंना हाक दिली, "ओ काकू, कान इकडंच हाये तं पानी बी आना. मले डोक्याची गोळी खायची हाये."

काकू तांब्या घेऊन आल्या. "तुमाले बी डोक्याची?"

"मंग काय गुडघ्याची? गोळी हाये म्हनून तं गावोगाव फिरून राहिली."

आई खुदकन हसली. मग तिनं तांब्यासाठी हात पुढे केला. "आना वं बाई, माही बी राहिली."

त्या दिवाळीनंतर आई आपल्या पायांनी वावरात गेली आणि दिवसभर कापूस वेचून आली.