अंबाळ्याच्या पाण्यातली खिडकी

असे अनुभव कोणी सांगितले की मी सभ्यपणे ऐकून घेत असे आणि घरी येऊन विसरत असे. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत आलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षाही नसावी... म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो.

निवृत्तीनंतर मी जलरंग शिकू लागले. प्रतापनगरात एकटीच राहते; क्लास दोन गल्ल्या सोडून आहे. मागच्या हिवाळ्यात रामटेकच्या अंबाळा तलावाचे चित्र केले — घाटाच्या पायऱ्या, दोन जुनी देवळे, कडेला बंद पडलेली धर्मशाळा आणि पाण्यात या सगळ्यांचे प्रतिबिंब. वेळ दिवेलागणीची, पण दिवा कुठेच नाही. मला तेवढेच दाखवायचे होते. पाण्यावर निळ्या-करड्या रंगाचा सलग थर दिला, तो वाळल्यावर चित्र नीट पाहिले आणि फाईलमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी ते भिंतीला टेकवले. "काय वाटते पाहून?"

"उदास हाय, पण पूर्ण नाही," माझ्या शेजारी बसणारी नंदा म्हणाली. "घरात कोणीतरी हाय ना. वाट पाहून राहिलं."

"कुठल्या घरात?" मी विचारले.

"हे काय, पाण्यात."

धर्मशाळेची खिडकी काळीच होती. तिच्या प्रतिबिंबात मात्र एक चौकोन उजळला होता. जवळ जाऊन पाहिले... तो रंग नव्हता, कोरा कागद होता. जलरंगात उजेड मागाहून आणता येत नाही. रंग देण्याआधीच तेवढा कागद सोडावा लागतो. मी सोडला नव्हता. पुसल्याचा डाग नाही, खरवडल्याची खूण नाही.

"इतका स्वच्छ कागद राखणं मलेही जमत नाही, काकू," सर म्हणाले.

त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. गप्प बसले असते तर ती माझी झाली असती.

"ते मी केलेले नाही," मी म्हणाले.

"लाजता काहून वं काकू," नंदा हसली. मी पुन्हा सांगितले, तेव्हा सगळेच हसले — मायेनेच. तिसऱ्यांदा सांगितले नाही.

कागद, रंग, हवेतला ओलावा — सुचतील त्या शक्यता तपासून झाल्या. कारण सापडलेले नाही. चित्र आता माझ्या बैठकीत आहे. संध्याकाळी त्याच्यासमोर बसते. आत कोण आहे, हे हळूच विचारावेसे वाटते... पण जिची वाट पाहिली जात आहे ती मी नसले तर, या भीतीने अजून विचारलेले नाही.