अळंबी निवडणारी हौसाकाकी

हौसाकाकी बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे, कानाकडे बघे. सवय अलीकडचीच. पोरांना वाटे, म्हातारीला गर्व चढलाय.

शेणव्याकडच्या आमच्या वाडीत पावसाळ्यात वारुळांवर अळंबी उगवते. खायच्या अळंबीच्या आसपास विषारीही असते, आणि फरक कळतो तो अगदी जवळून देठ बघितला तर. म्हणून काकीच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाडीत कुणाकडेच अळंबी चुलीवर चढत नसे. बायका टोपल्या घेऊन तिच्या ओट्यावर बसत. विषारी सापडली की काकी ती बाजूला टाकून म्हणे, "ही सासूला राखून ठेव गो." सासवाही तिथेच बसलेल्या असत, त्याही हसत.

गेल्या पावसाळ्यात तिने नवीनच काढलं. टोपल्या रात्रभर ठेवून घ्यायची आणि सकाळी परत द्यायची. विचारलं तर सांगे, अळंबीला वारा लागू द्यावा लागतो. कुणी शंका घेतली नाही.

एका सकाळी मी आमची टोपली आणायला गेले. काकी भिंतीला टेकून पोट धरून बसली होती. चुलीजवळ तव्यात अळंबीचे तुकडे उरले होते. दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, दुखत नाही, वाट बघतेय.

"कसली?"

"डोळ्यांचं काय खरं नाय राह्यलं गो. जिथं बघाया जाते तिथंच धूर. तोंडाकडं बघितलं तर तोंड नाय दिसत, कानाकडं बघितलं की जरासं दिसतं. म्हणून परतेक टोपलीतलं थोडं थोडं खाऊन बघते. सकाळी जिती असले तर टोपली चांगली."

मी वाडीतली पहिली पदवीधर, तीही वनस्पतिशास्त्रातली. काही अळंबीचं विष दिवस-दीड दिवसानेही वर येतं, हे मी शिकले होते. ते तिला सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच आठवलं. आमच्या घरी आदल्याच रात्री तिने त्याआधीच्या टोपलीतून दिलेल्या अळंबीची भाजी झाली होती. आईने दोनदा वाढून घेतली होती.

काकी भिंत धरून उठली. "कालच्या टोपल्या तर घराघरात गेल्या."

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी काही ना काही निमित्त काढून घरोघर फिरलो. कुणी ढेकर दिला, कुणी नुसतं खोकलं तरी काकी माझं मनगट आवळायची. मी आईला झोपेतही हलवून बघत होते.

कुणालाच काही झालं नाही.

मग काकीला शहापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजलाय; कडेचं दिसत राहील, मधलं गेलेलं परत यायचं नाही. परत आल्यावर काकीने ओट्यावर सगळ्या बायकांना बोलावून स्वतःच सांगितलं. कुणी तिला बोल लावला नाही. फक्त ओट्यावर ठेवलेल्या टोपल्या एकेकीने उचलल्या आणि उकिरड्यावर पालथ्या केल्या.

यंदा वारुळं अळंबीने पांढरी झाली. काकीच्या ओट्यावर बसून निवडायला शिकलेल्या बायका होत्या, पण हात कुणाचाच धजला नाही. अळंबी जागच्या जागी काळी पडली.

काकी ओट्यावर बसून येणारी-जाणारीला विचारत होती, "आली का गो अळंबी?"

सगळ्या एकच सांगत होत्या. मीही तेच सांगितलं, "यंदा नाय आली, काकी."

माझ्या कानाकडे बघत ती म्हणाली, "बरं झालं."